ढिम्म वर्ग आणि एकटा शिक्षक

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा घेताना शिक्षक एकमेकांशी जे बोलतात, त्यात एक तक्रार सहसा चुकत नाही. घसा कोरडा होईपर्यंत शिकवले, दोनदा फळा भरला, उदाहरणे दिली, आणि शेवटी साधा प्रश्न विचारला तर वर्ग ढिम्म. पालथ्या घड्यावर पाणी! या तक्रारीला समाजाकडे दोन तयार उत्तरे असतात. एक शिक्षकावर बोट ठेवते: शिकवणेच रटाळ असेल, तर मुले काय करणार? दुसरे मुलांवर: मोबाइलने डोकी बिघडली, घरी लक्ष नाही, आजकालच्या पोरांना अभ्यासाची आवडच नाही. दोन्ही उत्तरे कोणाला तरी दोषी ठरवतात आणि तिथेच थांबतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या तासाला काय वेगळे करायचे, हे शिक्षकाला कळत नाही. या लेखाचे म्हणणे असे आहे की न रंगलेला तास ही शिक्षकाच्या हाती आलेली माहिती असते. मुले जिथे उभी आहेत तिथून धडा सुरू झालेला नाही, हे तो तास सांगत असतो. ही माहिती वापरण्याचा वेळ, अधिकार आणि सोबत आपण शिक्षकाला देत नाही, आणि मग तिचेच वैफल्य होते.

हा प्रश्न एका ठिकाणी ठेवून पाहिला तर नीट दिसतो, म्हणून बिर्लानगर घेऊ. मराठी माणसाला ग्वाल्हेर म्हटले की शिंद्यांचे लष्कर, किल्ला आणि गाणे आठवते. शहराच्या उत्तर अंगाचे बिर्लानगर मात्र गिरणीभोवती वाढलेले आहे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १९२१ मध्ये, घनश्यामदास बिर्ला यांनी इथे जियाजीराव कॉटन मिल काढली. १९४७ मध्ये ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी स्थापन झाली, तीच आजची ग्रासिम. आसपासच्या गावांतून आणि परप्रांतांतून कामगार आले आणि वस्ती वाढली. १९९० च्या दशकात कापडगिरणी बंद पडली. मुंबईच्या गिरणगावाने १९८२ च्या संपानंतर जे भोगले, ते समजणाऱ्या मराठी वाचकाला यापुढचे फारसे सांगावे लागणार नाही. भोंगा वाजत होता तोवर अशा वस्तीत शाळा हा भाकरीचा एकमेव रस्ता नव्हता. आठवी-दहावीला गाडी अडली, तरी बापाच्या खात्यात चिकटता येई. गिरणी गेल्यावर सगळा भार शाळेवर आला. घरची अपेक्षा वाढली, पण अभ्यासाला लागणारी घरची मदत वाढली नाही. अशा वस्तीतल्या पाचवी-सहावीच्या वर्गात कोणी खासगी शाळेतून फी न परवडल्याने आलेले असते, कोणी भिंडकडच्या गावातून नुकतेच शहरात आलेले असते, कोणी वर्षातून दोन महिने गैरहजर असते. घरात बुंदेली किंवा ब्रजच्या वळणाची बोली असते, पुस्तकात प्रमाण हिंदी. शिक्षकासमोर मात्र पुस्तक एकच असते, आणि ते सगळ्यांसाठी एकाच पानावर उघडायचे असते.

शिक्षकाचे वैफल्य इतके खोल का जाते, हे आधी समजून घ्यायला हवे. कारण "पगार तर मिळतो ना" या उत्तराने ते झटकून टाकायची आपल्याकडे सवय आहे. अमेरिकेत फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये वर्गातल्या रोजच्या जगण्यावर पुस्तक लिहिले. त्यासाठी त्यांनी नावाजलेल्या शिक्षकांना विचारले होते की आपण चांगले शिकवतो आहोत हे तुम्हाला कळते कसे. बहुतेकांनी परीक्षेच्या निकालांचे नाव घेतले नाही. मुलांचे चेहरे, डोळे, वर होणारे हात, वर्गातली चुळबूळ यांवरून कळते, असे ते म्हणाले. १९७५ मध्ये डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने याच्या पुढचे सांगितले. या पेशात बढती थोडी आणि पगारातला फरकही थोडा, त्यामुळे शिक्षकाची खरी कमाई वर्गातच असते. मुलाला समजले, ते उमलले, त्या क्षणी ती मिळते. आणि प्रत्येक शिक्षक आपापल्या खोलीत, दार लावून, एकट्याने काम करत असल्यामुळे ती कमाई बुडाली तर विचारायलाही कोणी नसते. हे ध्यानात घेतले की ढिम्म वर्गाने शिक्षक इतका का दुखावतो हे उमगते. रोजची मजुरी हातात पडली नाही, असे ते दुःख आहे. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी अशा व्यावसायिक थकव्याची तीन अंगे मांडली आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, समोरच्या माणसांबद्दल कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना बळावणे. "या मुलांना काही येणारच नाही" असे जेव्हा एखादे गुरुजी किंवा बाई म्हणतात, तेव्हा त्या कोरडेपणामागे बहुधा अनेक वर्षांची ही न मिळालेली मजुरी असते.

आता एक तास जवळून पाहू. सहावीचा वर्ग, विषय दशांश अपूर्णांक. शिक्षक दशांश चिन्हाचा अर्थ सांगतात, दशांश-शतांश स्थाने आखून देतात, दोन उदाहरणे फळ्यावर सोडवतात. मुले निमूटपणे उतरवून घेतात. "समजलं का?" म्हटल्यावर सुरात "हो" येते. मग प्रश्न येतो: ०.३५ मोठे की ०.५? अर्धा वर्ग गप्प, आणि बोलणाऱ्यांतले बरेच जण म्हणतात, ०.३५ मोठे. शिक्षकाला वाटते, आत्ताच तर सांगितले, लक्ष कुठे होते? पण मुलाचे लक्ष होते, आणि त्याने विचारही केला होता. पहिलीपासून त्याला शिकवले आहे की ३५ हे ५ पेक्षा मोठे. तोच नियम त्याने प्रामाणिकपणे पुढे चालवला. एका वस्तूचे दहा समान भाग म्हणजे काय, त्यातल्या एकाचे आणखी दहा केले तर तो तुकडा लहान होतो की मोठा, ही पायरीच त्याच्याकडे नाही. ती चौथी-पाचवीत निसटली, बहुधा तो गैरहजर असताना किंवा हजर असून मागच्या बाकावर हरवलेला असताना. त्या मुलासाठी फळ्यावरचे पुढचे सगळे गणित म्हणजे अनोळखी खुणांची रांग. तो त्या उतरवून घेतो, कारण उतरवले की कोणी रागावत नाही. शिक्षक तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगतात, तेव्हा त्याची अडचण तसूभरही कमी होत नाही. कागदाची एक पट्टी घेऊन तिचे दहा भाग करायला लावले, मग त्यातल्या एकाचे पुन्हा दहा, आणि पाच मोठे तुकडे एकीकडे, तीन मोठे व पाच बारीक तुकडे दुसरीकडे ठेवायला लावले, तर हाच मुलगा दहा मिनिटांत आपले उत्तर स्वतः दुरुस्त करू शकतो. त्याचे चुकीचे उत्तर हाच त्या तासातला सर्वांत उपयोगी क्षण होता. तो वाया गेला, कारण घड्याळ पुढच्या स्वाध्यायाकडे ढकलत होते.

ही एखाद्या वर्गाची गोष्ट असती तर तिच्यावर इतके लिहायचे कारण नव्हते. देशभरच्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार, दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या पाचवीतल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ५० टक्के होते. करोनानंतर २०२२ मध्ये ते ४३ टक्क्यांच्या आसपास घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा ४९ टक्क्यांजवळ आले. म्हणजे पाचवीचे पुस्तक उघडणाऱ्या निम्म्या मुलांना ते पुस्तक वाचताच येत नाही. शहरांतही चित्र फार वेगळे नाही. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचे दिसले. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले होते. धडा चालतो पुस्तकाच्या वेगाने, मूल राहते जिथल्या तिथे, आणि दरवर्षी दोघांमधली दरी रुंदावते. १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्याचा विचार करताना नेमके हेच सांगितले होते की खरे ओझे वह्या-पुस्तकांच्या वजनाचे नाही, न समजण्याचे आहे. या पार्श्वभूमीवर "मुलांना रस नाही" या वाक्याचा अर्थ बदलतो. न समजणाऱ्या भाषेतले भाषण रोज पाच तास, वर्षानुवर्षे, मन लावून ऐकणारा मोठा माणूस कोणाला दाखवता येईल? मुले गप्प बसतात, खिडकीबाहेर पाहतात, शेजाऱ्याला पेन्सिल टोचतात. त्यांच्या जागी मोठेही यापेक्षा शहाणपणाने वागले नसते.

इथे हटकून येणारा आक्षेप असा: हे खरे असले तरी शेवटी दोष शिक्षकाचाच. चांगला शिक्षक असता तर त्याने ही दरी ओळखली असती. या आक्षेपाला आपल्याच देशातल्या प्रयोगांनी दिलेले उत्तर विलक्षण आहे. 'प्रथम' या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केला. आधी मुंबई आणि बडोद्यात मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वस्तीतल्याच एका तरुणीने, बालसखीने, मुळापासून शिकवले, तेव्हा त्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. पुढे बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभर शिबिरे घेतली. मुलांची इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जे येते तिथून सुरुवात केली. मुले वाचू लागली. शाळा सुरू झाल्यावर मात्र, तशाच शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य देऊनही, फरक जवळजवळ पडला नाही, कारण नेहमीच्या वर्षात त्यांच्यापुढे पुस्तक संपवण्याचे काम होते. त्यानंतर हरियाणात वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला, त्या तासाला मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट केले, वरून पाठबळ दिले, तेव्हा सरकारी शाळांत शिक्षकांकडूनच वाचनात सुधारणा झाली. उन्हाळी शिबिरांना जादा मानधन होते हे खरे आहे. पण मानधनाने शिक्षकाला नवी विद्या येत नाही. त्याच्याजवळ होते तेच त्याने वापरले. वेगळे होते ते त्याला नेमून दिलेले काम. "पोर्शन संपवा" ऐवजी "मूल जिथे आहे तिथून पुढे न्या" असे सांगितले आणि त्यासाठी वेळ दिला, की शिक्षकही बदलतो आणि वर्गही.

दुसरा सल्ला हितचिंतकांचा असतो. शिकवणे रंजक करा, गाणी घाला, खेळ घ्या, स्मार्ट बोर्ड लावा, व्हिडिओ दाखवा. यातले काहीच वाईट नाही. पण रंजकपणा म्हणजे शिकणे, हा समज शिक्षकाच्या खांद्यावर आणखी एक ओझे चढवतो. आता त्याने ज्ञानाबरोबर करमणूकही पुरवायची. न्यूझीलंडचे ग्रॅहम नट्टल यांनी अनेक वर्षे मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून वर्गात खरोखर काय चालते हे नोंदवले. त्यांना दिसले की मन लावून काम करताना दिसणारे मूल शिकतच असेल असे नाही. बऱ्याचदा ते आधीच येत असलेली गोष्ट करत असते. वर्गात जे घडते त्यातले कितीतरी शिक्षकाच्या नजरेला पडतच नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. ज्यांना वर्गात स्वतः डोके चालवावे लागले ते अधिक शिकले, पण त्यांना वाटले मात्र असे की आपण कमी शिकलो. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण पुष्कळ शिकलो असे वाटले, आणि ते शिकले कमी. चेहऱ्यावरून तास मोजण्याची शिक्षकाची सवय जुनी आणि समजण्यासारखी आहे, पण ती फसवी आहे. हसता-खेळता झालेला तास कोरडा असू शकतो, आणि कपाळावर आठ्या घालून बसलेला वर्ग कष्टाने काही पचवत असू शकतो. रस बहुतेक वेळा समजण्याच्या मागून येतो. काल न येणारी गोष्ट आज जमली, याच्याइतके मुलाला बांधून ठेवणारे दुसरे काही नाही. म्हणून शिक्षकाने वर्ग रंगतो का, यापेक्षा प्रत्येक मुलाला आज एक तरी गोष्ट जमली का, हे पाहावे. ते पाहायला वही आणि तोंडी उत्तर लागते. त्यासाठी पडदा आणि प्रोजेक्टर लागत नाही.

कोणी म्हणेल, हे फार लाड झाले. आयुष्यात सगळेच मनासारखे नसते. कंटाळा सोसायचा, पाठांतर करायचे, शिस्त लावून घ्यायची, हेही शाळेनेच शिकवायला हवे. यात तथ्य आहे, आणि त्याला उत्तर द्यायला ग्वाल्हेरइतकी योग्य जागा नाही. बिर्लानगरजवळच, हजिऱ्याला, तानसेनाची समाधी आहे. याच शहरात १९१८ मध्ये पं. भातखंडे यांच्या प्रयत्नांतून आणि माधवरावांच्या आश्रयाने संगीत विद्यालय सुरू झाले. ग्वाल्हेर गायकीच्या तालमीत कष्ट आणि कंटाळा यांना तोटा नव्हता. एकच पलटा महिनोन्महिने घोटावा लागे. पण तिथे एक गोष्ट पाळली जाई: हातातला स्वर बसल्याशिवाय गुरू पुढचा देत नसे. शिष्य जे घोटत होता ते त्याच्या गळ्याच्या आवाक्यात होते, आणि ते आज कालच्यापेक्षा बरे लागते आहे की नाही, हे त्याला स्वतःला ऐकू येत होते. शाळेतले मूल जे सोसते ते याच्या नेमके उलट असते. मागचे बसलेले नसताना पुढचे मिळते, आणि आपण सुधारतो आहोत याची कोणतीही खूण त्याला मिळत नाही. असा कंटाळा शिस्त लावत नाही. तो हार मानायला शिकवतो. कष्ट जरूर करून घ्यावेत, पण ज्यातून पुढे सरकता येते असे.

मराठी शिक्षणाच्या इतिहासात हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत नेले. मुले शाळेत येत नव्हती. "या लोकांना शिक्षणाची किंमत नाही" असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी मुले का येत नाहीत हे पाहिले. लहानगी घरच्या अंगणात असत, म्हणून बालवाडी अंगणात नेली. मोठी मुले गुरे राखायला रानात जात, म्हणून शाळा कुरणावर गेली. शंख, बिया, खडे, पाने हेच शैक्षणिक साहित्य झाले. मुलांच्या गैरहजेरीकडे त्यांनी माहिती म्हणून पाहिले आणि शाळेची सुरुवात बदलली. मध्य प्रदेशातले उदाहरण तर याहून बोलके आहे, कारण ते सरकारी उच्च प्राथमिक शाळांतले, नेहमीच्या शिक्षकांचे आहे. किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला, १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला, आणि तो अनेक जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत पोहोचला. मुले चार-चारच्या टोळ्यांत प्रयोग करत, रानात जाऊन निरीक्षणे आणत, परीक्षेला पुस्तक सोबत ठेवत. पडलेले प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्राने विचारत. पण या कार्यक्रमाचा कणा मला त्याच्या मासिक बैठकीत दिसतो. दर महिन्याला परिसरातले विज्ञान शिक्षक एका केंद्रावर जमत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता अनपेक्षित प्रश्न काढला, पुस्तकातले कोणते पान मुलांच्या डोक्यावरून गेले, हे मांडत. या बोलण्यातून पुस्तकेही सुधारली गेली. स्टाफरूममध्ये चहाबरोबर विरून जाणारी तक्रार तिथे कामाचा कच्चा माल ठरत होती. आपला फसलेला तास चारचौघांत सांगताना शिक्षकाला लाज वाटत नव्हती, कारण तो सांगणे हेच तिथले काम होते.

मग असा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद का केला, आणि कोसबाड सगळीकडे का झाले नाही? हा आक्षेप गंभीर आहे. असामान्य माणसे, झपाटलेले कार्यकर्ते यांना जे जमले ते हजारो सामान्य शाळांत जमणार नाही, असा त्याचा रोख असतो. होशंगाबादचा कार्यक्रम थांबवू नये म्हणून देशभरचे शास्त्रज्ञ आणि शिक्षक बोलले, तरी निर्णय फिरला नाही. शिक्षकांनी कष्टाने कमावलेली सवय वरच्या एका आदेशाने पुसली जाऊ शकते, हे त्यातून दिसते. ते शिक्षक सामान्य नव्हते असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. तीस वर्षे जे चालले आणि शेकडो शाळांत पोहोचले ते मूठभर झपाटलेल्यांचे काम नव्हे. महाराष्ट्रात केंद्रपातळीवर दर महिन्याला शिक्षण परिषद घेण्याची पद्धत आहे. मध्य प्रदेशात जनशिक्षा केंद्रे आहेत. सांगाडा उभा आहे. त्याचा उपयोग मात्र परिपत्रके वाचून दाखवायला आणि माहितीचे तक्ते भरून घ्यायला होतो. त्याच वेळात दोन शिक्षकांनी आपापल्या वर्गातल्या चुकीच्या उत्तरांच्या वह्या टेबलावर ठेवून बोलायचे ठरवले, तर त्याला वेगळा निधी लागत नाही.

दोन अडचणी मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हव्यात. पहिली, वेळेची. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर बिगरशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. पण या तीन अपवादांतच शिक्षकाचे कितीतरी दिवस जातात, आणि त्याखेरीज पोर्टलवर भरायची माहिती वेगळी. देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तिथे पातळीनुसार गट करा असे सांगणे म्हणजे एका माणसाने पाच वर्ग एकाच वेळी चालवावेत असे सांगणे आहे. मध्य प्रदेशात अतिथी शिक्षकांवर कितीतरी वर्ग चालतात, आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मुलाच्या तीन वर्षांच्या दरीची काळजी कशी वाहायची? दुसरी अडचण अशी की काही शिक्षक खरोखरच काम टाळतात. त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण कामचुकार शिक्षकाला ढिम्म वर्गाचे वाईट वाटत नाही. वैफल्य येते ते ज्याला अजून काळजी आहे त्याला. दोघांना एकाच मापाने मोजून आपण काळजी असलेल्याला दुसऱ्याच्या वाटेला लावतो.

पोर्शनचा आणि परीक्षेचा आक्षेप शेवटी राहतो, आणि तोच शिक्षकाला रोज भेडसावतो. मागे जाऊन शिकवत बसलो तर पुस्तक अर्धे राहील, मुख्याध्यापक विचारतील, पालक विचारतील. पण जे पान निम्म्या वर्गाला समजले नाही ते शिकवून झाले, असे म्हणता येत नाही. ते फक्त उलटले गेले. रोज एक तास पायाभूत वाचन आणि गणितासाठी, मुलांच्या पातळीनुसार, राखून ठेवावा. उरलेल्या तासांत पुस्तक चालावे. या तासाची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने कितवे पान चालू आहे हे न विचारता तीन मुलांना काय जमू लागले हे विचारावे. महिन्यातून एकदा शेजारच्या शाळांतल्या शिक्षकांनी फसलेल्या तासांवर बोलावे, आणि त्या बैठकीत परिपत्रकांना बंदी असावी. बिर्लानगरसारख्या वस्तीत, जिथे गिरणीचा आधार गेला आणि मुलांसाठी शाळेइतका भरवशाचा दुसरा रस्ता उरला नाही, तिथे एवढे करणे ही चैन समजता येणार नाही. पालकांनीही एक करावे. मुलाला "आज काय शिकवलं?" असे विचारण्याऐवजी "आज तुला काय जमलं?" असे विचारावे आणि तेच शिक्षकाला कळवावे. ज्या मजुरीवाचून शिक्षक खचतो ती अशीच त्याच्या हातात पडू शकते. ढिम्म वर्गासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला आपण आजवर उपदेश भरपूर केला. आता त्याला थांबण्याची मुभा आणि बोलायला माणसे दिली पाहिजेत. ही जबाबदारी शिक्षण खात्याची जितकी आहे तितकीच, आपली मुले त्याच्या हवाली करणाऱ्या आपल्या सगळ्यांची आहे.